इमारतीखालच्या सतरा तक्रारी

१

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणत. हातात पाना-पकड घेणारा नव्हे, हा कॉम्प्युटरवर नोंदी जोडायचा. ग्राहक सांभाळायचं सॉफ्टवेअर बाजारातून येतं तेव्हा रिकाम्या कपाटासारखं असतं. कुणाला त्यात गाड्या ठेवायच्या असतात, कुणाला रुग्ण, कुणाला कुत्र्यांच्या लसी. कुठला खण कशाचा आणि कुठला खण कुठल्या खणाला बांधायचा, हे ठरवून देणारा माणूस म्हणजे जोडारी. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा आणि ते खरंही होतं.

नवं कपाट तयार झालं की पहिली नोंद तो स्वतःच्या घराची टाकायचा. पत्ता पाठ, फोन पाठ, काही चुकलं तर लगेच नजरेत भरतं. त्याच्या धंद्यातले सगळे असंच करतात. काम संपलं की ती नोंद पुसायची, हा नियमही सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळेच तो विसरतात. त्यामुळे कुत्रा नसताना जोडारी एका जनावरांच्या दवाखान्याचा ग्राहक होता, आणि केस विरळ होत चाललेले असताना एका सलूनचा मानाचा सभासद.

सध्याची कंपनी लिफ्ट बसवायची आणि सांभाळायची. तिच्या यंत्रणेतली पहिली इमारत अर्थात जोडारीची. गंमत म्हणजे त्या चार मजली इमारतीला लिफ्टच नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची ताई, दोघंच राहत. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईवडील एका वर्षात गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईने शिक्षण सोडलं, दुसऱ्यांचे कपडे शिवले, लग्नाचं नाव काढू दिलं नाही आणि त्याला शिकवलं. आता तिचा उजवा गुडघा पार गेला होता. सात महिन्यांत तिने खालची जमीन पाहिली नव्हती.

"लिफ्टवाल्यांकडे नोकरी करतोस," ती म्हणायची, "आणि बहिणीला मात्र बहात्तर पायऱ्या."

"चोपन्न आहेत गं ताई."

"उतरताना चोपन्न. चढताना बहात्तर. तू मोज माझ्या गुडघ्याने."

२

सोमवारी सकाळी मॅनेजरने त्याला बोलावलं आणि उठून स्वतः दार लावलं. खुर्चीतून सहसा न उठणारा माणूस दार लावायला उठला की समोरच्याने सावध व्हावं. जोडारी झाला नाही.

"ही 'इमारत', आणि तिच्याखाली ही 'तक्रार'. दोघींचं नातं काय लावलंत?"

"सैल लावलंय साहेब. इमारतीची नोंद काढली तरी तक्रारी राहतात. जुनी माहिती म्हणून."

"घट्ट लावलं तर?"

"तर इमारत काढली की तिच्याखालच्या तक्रारी आपोआप जातात."

"कुणी काढल्या हे कुठे दिसतं?"

"नाही. इमारत काढली, एवढंच दिसतं."

मॅनेजर मागे रेलला. "नदीकाठच्या त्या अकरा मजली इमारतीशी आपला करार संपला. ज्यांच्याशी संबंध नाही, त्यांची अडगळ कशाला? नीटनेटकेपणा असावा, म्हणून म्हणतो. गुरुवारी सरकारी तपासनीस येतोय." मग तो टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "कंपनीच्या वसाहतीत तळमजल्याचं घर रिकामं होतंय. तुमच्या बहिणीला जिना चढवत नाही ना?"

किती स्वच्छ काम! कागद जाळायचा नाही, शाईची खाडाखोड करायची नाही. फक्त नात्याचा प्रकार बदलायचा. पुढे चौकशीत सगळे शपथेवर सांगू शकतात की एकाही तक्रारीला कुणी हात लावला नाही. आणि ते खरंही ठरतं. खोटं बोलायची अशी सोय झाली की सभ्य माणसं रांगेने पुढे येतात.

जोडारीच्या शेजारच्या टेबलावर रजिस्टरकाका बसत. एकतीस वर्षं तक्रारींची रजिस्टरं त्यांनी हाताने लिहिली होती. ती सगळी यंत्रणेत भरून घेतल्यावर कंपनीने रद्दीत घातली होती आणि काकांना, निवृत्तीला चार महिने उरले म्हणून, तिथेच बसवून ठेवलं होतं.

"नवव्या मजल्यावरच्या बाई का?" जोडारीच्या पडद्यावर नदीकाठची इमारत पाहून काकांनी चष्म्यावरून विचारलं. "गणित शिकवायच्या शाळेत. पाच महिन्यांत सतरा तक्रारी. सगळ्यांत मजकूर एकच. दार उघडतं, आत लिफ्ट नसते. आपण प्रत्येकीपुढे लिहिलं, तंत्रज्ञ पाठवला. कुणाला पाठवला? मी आहे ना इथे, मला तरी सांगा!"

"काका, हळू."

"हळूच बोलतोय. एके दिवशी दार उघडलं, बाईंचं लक्ष पिशवीकडे होतं. सतरावी तक्रार वाचलीस?"

तपासणीसाठी प्रत्येक ओळ वाचावीच लागायची. सतरावी तक्रार फोनवरून आली होती. 'मी लिफ्टच्या पोकळीत तळाला पडले आहे. डावा पाय हलत नाही. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. वर कुणालाही ऐकू जात नाही.' त्यापुढे हेल्पलाइनवरच्या कुणीतरी समोरच्या यादीत पाहून शेरा मारला होता, 'हीच तक्रार आधी नोंदलेली आहे. बंद.'

बाई सापडल्या दुसऱ्या दिवशी, तोवर गेलेल्या.

जोडारीने ते दोनदा वाचलं. मग तळमजल्याचं घर डोळ्यांसमोर आणलं. दारातून थेट अंगणात जाणारी ताई पाहिली. दुपारी बाराला त्याने नातं घट्ट केलं, इमारत काढली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टोपली रिकामी केली की परत काही आणता येत नाही.

३

मंगळवारी सकाळी त्याने सवयीने आकडे पाहिले. तक्रारींची बेरीज सतराने कमी व्हायला हवी होती. ती जिथल्या तिथे होती.

नवव्या मजल्यावरच्या बाईंच्या सतराही तक्रारी एका इमारतीखाली शिस्तीत उभ्या होत्या. इमारत त्याची होती. त्याने चाचणीसाठी टाकलेली, पुसायची राहिलेली.

त्याचं डोकं लगेच कामाला लागलं. घट्ट नात्यात तक्रार इमारतीवाचून राहूच शकत नाही. तिला कुणीतरी वर लागतंच. नातं बदलताना पर्यायी इमारत कुठली, असं यंत्रणेने विचारलं असेल आणि आपण यादीतली पहिली ठोकली असेल. झालं. यात भुताटकी कसली? हलगर्जीपणा फक्त.

आता आपली इमारत काढली की सतराही तक्रारी तिच्याबरोबर जातील. त्याने नोंद उघडली. तक्रारींच्या खाली आणखी एक खण होता. 'रहिवासी'.

हा खण त्याने केलेला नव्हता. आत एकच नोंद होती. ताईचं नाव, वय, आणि 'उजवा गुडघा अधू, जिना उतरता येत नाही.' इमारतीशी नातं, घट्ट. नोंद कुणी केली या चौकटीत त्याचं स्वतःचं नाव. वेळ काल दुपारी बारा.

"काका, माझ्या मशीनवर काल कुणी बसलं होतं?"

"तुझ्या खुर्चीत कोण बसणार बाबा? एक चाक मोडलंय तिचं."

तो पुन्हा पडद्याकडे वळला तेव्हा तक्रारी अठरा झाल्या होत्या. अठरावी आजची होती.

'तिसऱ्या मजल्यावर दोन घरांच्या मधल्या भिंतीत लिफ्टचं दार आपोआप उघडतं. आत लिफ्ट नसते. घरात पाय अधू असलेली व्यक्ती एकटी असते. कृपया वेळीच लक्ष द्यावे.'

खाली बाईंचं नाव होतं.

४

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. ताई खिडकीशी उसवलेली उशी शिवत होती.

"बरा लवकर आलास," ती म्हणाली. "काय रे, आपल्याकडे काम काढलंय का काही? सकाळपासून दोनदा टिंग वाजलं बाहेर."

"कसलं टिंग?"

"अरे लिफ्टचं वाजतं तसं. मोठ्या दवाखान्यात नाही का वाजत? टिंग आणि मग सर्र." तिने हाताने दार सरकल्यासारखं केलं. चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. "म्हटलं, माझ्या भावाने गुपचूप लिफ्ट बसवून घेतली की काय!"

जोडारी बाहेर गेला. त्याचं दार आणि शेजारच्या काकूंचं दार यांच्या मध्ये सहा फूट भिंत होती. पिवळट रंग, एक बंद पडलेला दिवा, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला नळवाल्याचा नंबर. त्याने तळवा टेकवला. भिंत गार होती. सावलीतली भिंत गारच असते. पण बोटांच्या फटींतून वारा लागत होता, खालून वर येणारा, आणि त्याला ग्रीसचा वास होता.

काकूंनी दार उघडलं. "काय शोधताय भिंतीत? सोनंनाणं?"

"काकू, तुम्हाला टिंग असा आवाज आला का आज?"

"माझा मिक्सर बिघडलाय. तो खर्र करतो. टिंग करणारं आमच्याकडे काही नाही."

घरात येऊन तो ताईला म्हणाला, "हे बघ, काहीही वाजलं तरी दाराबाहेर जायचं नाही."

"सात महिने कुठे जातेय मी?" ताई म्हणाली. "सांगायची तरी गरज होती का?" आणि तिने दोरा दाताने तोडला.

५

बुधवारी त्याने सगळे उपाय करून पाहिले. तक्रारींचं नातं सैल करायला गेला, यंत्रणेने परवानगी दिली नाही. ताईची नोंद दुसऱ्या इमारतीखाली हलवायला गेला, ती चौकट राखाडी झालेली होती, बोट दाबून दुखलं तरी उघडेना. तक्रारी एकेक करून काढायला गेला, काढलेली दोन मिनिटांनी परत जागेवर. प्रत्येक अडचणीला त्याच्याकडे कारण तयार होतं. परवानग्या चुकल्यात. सर्व्हर जुनी प्रत दाखवतोय. झोप झालेली नाही. शहाणा माणूस भ्यायला लागला की त्याला कारणांची टंचाई पडत नाही.

एकोणिसावी तक्रार सकाळीच आली होती. 'दार आता जास्त वेळ उघडं राहतं.' जेवणाच्या सुट्टीनंतर विसावी. 'आतील दिवा लागलेला दिसतो. त्यामुळे लिफ्ट आली आहे असा समज होऊ शकतो.'

त्याने खुर्ची काकांच्या टेबलाशी ओढली आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. काकांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. हे त्यांच्या बाबतीत आक्रीतच होतं.

"परत आण त्या तक्रारी," शेवटी ते म्हणाले. "होत्या तिथे."

"टोपली रिकामी केली मी."

"मग तोंडाने सांग. उद्या येतोय ना तो तपासनीस. तोंड तर रिकामं केलं नाहीस?"

"तुम्ही का नाही सांगत?"

"माझी रजिस्टरं रद्दीत गेली. पुरावा मागितला तर काय दाखवू, चष्मा?" काका त्याच्याकडे रोखून पाहत राहिले. "बाईंनी सतरा वेळा सरळ भाषेत विचारलं. शिवी नाही, शाप नाही. आपण काय केलं? आता त्या तुझ्या दारात उभ्या आहेत, आणि तरी बघ, आधी कळवतायत. आपण त्यांना तेवढंही कळवलं नव्हतं रे."

"काका, नोंद म्हणजे काही माणूस नव्हे."

"हो ना," काका म्हणाले. "हेच म्हणत आलोय आपण एकतीस वर्षं."

६

गुरुवारी सकाळी ताई बाहेर जायच्या चपला पुसत बसली होती. सात महिन्यांची धूळ होती त्यांच्यावर.

"हे काय काढलंस?"

"काही नाही. पायात घालून पाहते, बसतात का."

"ताई, मी तुझ्या पाया पडतो. आज दुपारपर्यंत, फक्त दुपारपर्यंत आत राहा. मी येतो. मग आपण बोलू. तळमजल्याचं घर मिळतंय आपल्याला."

ताईने हातातली चप्पल खाली ठेवली. "कशाबद्दल मिळतंय?"

"कामाबद्दल."

"कसल्या?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तेवढ्यात तिची नजर त्याच्या तोंडावरून निघून चपलांवर गेली होती. "जा," ती म्हणाली. "उशीर होईल तुला."

त्याने शेजारच्या काकूंना ताईजवळ बसायला सांगितलं. दार बाहेरून लावून घ्यावं असंही मनात आलं, कडीला हातही लागला. पण ज्या बहिणीने हाताला धरून शाळेत सोडलं तिला कोंडायचं कसं? जिना उतरताना त्याने मनाशी पक्कं केलं की आज खरं सांगायचं. चोपन्नाव्या पायरीपर्यंत ते पक्कं होतं.

७

मीटिंगच्या खोलीत पंखा, पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवर मोठा पडदा. तपासनीस एकटाच आला होता, बारीक अंगाचा, सारखा नाक पुसणारा. मॅनेजर त्याच्या शेजारी बसला आणि जोडारी कॉम्प्युटरशी.

"नदीकाठच्या इमारतीच्या तक्रारी दाखवा."

जोडारीने नाव टाकलं. पडद्यावर शून्य आलं.

"एकही नाही?"

मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. 'सदर इमारतीबाबत यंत्रणेत एकही तक्रार आढळत नाही.' खाली जोडारीचं नाव आणि सहीसाठी रेघ. वाक्याचा शब्द न् शब्द खरा होता. जोडारीने तळमजल्याचं घर आठवलं, मग भिंतीतला वारा आठवला, आणि सही केली. सही करायला वेळ तो काय लागतो.

तपासनीसाने नाक पुसलं. "आता त्या बाईंचं नाव टाका. इमारत सोडा. सगळीकडे शोधा."

मॅनेजरचा पाय टेबलाखाली हलायचा थांबला.

पडदा भरला. एकवीस ओळी. सर्वांत वरची नवी होती. 'तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आहे. बाहेर एक जण चपला घालून उभी आहे. आत लिफ्ट नाही. आता तरी कुणी लक्ष देणार का?' वेळ अकरा वाजून चाळीस. भिंतीवरच्या घड्याळात अकरा अडतीस झाले होते.

"हे काय आहे?" तपासनीसाने विचारलं.

"टेस्ट डेटा," मॅनेजर म्हणाला. हसलासुद्धा. "आमचे हे जोडारी चाचणीसाठी काहीबाही भरतात."

"मी यांना विचारलं."

टेबलावर जोडारीचा फोन थरथरायला लागला. ताई. इथे एक वाक्य पुरलं असतं. खरी आहे ही तक्रार, साहेब, एवढंच. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण मॅनेजर पाहत होता, सही अजून ओली होती, आणि डोक्यातला शहाणा माणूस समजावत होता की नोंद म्हणजे नोंद, पडदा म्हणजे पडदा, ताई घरी आहे, काकू सोबत आहेत, आणि त्या इमारतीला लिफ्टच नाही.

"टेस्ट डेटाच आहे साहेब," तो म्हणाला. "माझं स्वतःचं घर आहे ते. तिथे लिफ्टच नाही."

"मग काढून टाका ना जोडारी," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. "साहेबांचा वेळ जातोय."

त्याने इमारतीची नोंद निवडली. नेहमीची चौकट समोर आली. 'या नोंदीबरोबर तिच्याखालच्या सर्व नोंदी जातील. नक्की?' चौकटीच्या मागे, अर्धवट झाकलेलं, ताईचं नाव दिसत होतं. फोन अजून थरथरत होता. हिला बाजूला कसं काढायचं, एवढा एकच विचार त्याला सुचला, आणि ते कालच करून पाहिलं होतं.

त्याने 'नक्की' दाबलं.

फोन त्याच क्षणी थांबला.

पडद्यावर आलं, 'तेवीस नोंदी काढल्या. इमारत एक, तक्रारी एकवीस, रहिवासी एक.'

तपासनीसाने मान हलवली आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

८

घराचं दार सताड उघडं होतं. उशी शिवून खुर्चीवर ठेवलेली, सुई टोचून. काठी कोपऱ्यात. चपला नव्हत्या.

काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. "अहो, मी पाच मिनिटं गॅस बघायला गेले. परत येते तर तुमच्या ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या. म्हटलं, काय हो, काय बघताय? म्हणाल्या, लिफ्ट येतेय. काठी घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, आता कशाला काठी? इतक्या खुशीत होत्या हो! मग माझा फोन वाजला..."

"मग?"

"मग नव्हत्याच. मला वाटलं आत गेल्या."

तो चोपन्न पायऱ्या उतरला, चढला, पुन्हा उतरला. गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, समोरच्या दुकानात विचारलं. तसल्या गुडघ्यानिशी कुणी जिना उतरलं असतं तर दहा जणांनी पाहिलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं.

चौकीत हवालदाराने वही उघडली. "लिफ्टमधून बेपत्ता. कुठली लिफ्ट?"

"आमच्याकडे लिफ्ट नाहीये."

हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. "साहेब, घरी जा. नातेवाइकांकडे चौकशी करा. रागावून गेल्या असतील."

शुक्रवारी त्याने गवंडी आणून भिंत फोडून घेतली. एक वीट काढली, दुसरी काढली. मागे सिमेंट, मग काकूंच्या स्वयंपाकघराची टाइल. काकू ओरडल्या. गवंड्याने भगदाड बुजवलं आणि जाताना विचारलं, "मालक, आत कुणी बोलत होतं का हो?"

"काय म्हणत होतं?"

"ते कळलं नाही. दोन बायका होत्या. एक विचारत होती, एक सांगत होती."

९

शनिवारी सकाळी तो तपासनीसाच्या कचेरीत गेला आणि सगळं सांगितलं. घट्ट नातं, रिकामी केलेली टोपली, तळमजल्याचं घर, सतरा तक्रारी. आठवत होत्या तेवढ्यांचा मजकूरही म्हणून दाखवला. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. तपासनीसाने ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि खणातून घडी घातलेला कागद काढला.

"ही सही तुमची?"

"हो."

"गुरुवारी तुम्ही लिहून दिलं, एकही तक्रार नाही. आज म्हणता सतरा. यंत्रणेत काय आहे?"

"काही नाही."

"मग मी कुठलं खरं धरू? तुम्हीच सांगा." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मग त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

कंपनीत फोन केला तर मॅनेजर म्हणाला, "घराच्या चाव्या तयार आहेत हं. कधी नेताय?"

भर दुपारी तो तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. जिन्यात शुकशुकाट होता. गवंड्याने बुजवलेलं सिमेंट अजून ओलं होतं आणि त्याच्या मधोमध, जमिनीपासून डोक्यापर्यंत, एक सरळ उभी रेघ उजळली होती. नखाएवढी रुंद. त्याने शपथ घेतली असती की सकाळी ती नव्हती. वाळताना सिमेंटला भेगा पडतात, असं डोक्यातला शहाणा माणूस सांगू लागला. जोडारीने त्याला गप्प केलं आणि रेघेला डोळा लावला.

आत छोटी, उजेडाची खोली होती. ताई बसली होती, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, जसा तो उजवा गुडघा वर्षानुवर्षं वाकला नव्हता तसा वाकवून. तिच्या अंगावर खरचटल्याची खूणही नव्हती. समोर एक म्हातारी बाई मांडीवर वही घेऊन ओणवी झाली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त हात दिसत होता, सावकाश, न थांबता लिहिणारा.

"ताई!" त्याने हाक मारली. "ताई, मी सांगितलं गं! आज जाऊन सगळं खरं सांगितलं!"

तिने वर पाहिलं नाही. तिला ऐकू आलं होतं, एवढं नक्की. त्याचा आवाज आला की तिची मान ज्या बाजूला कलायची, त्या बाजूला ती किंचित कलली आणि परत सरळ झाली.

हात थांबला. बाईने काहीतरी विचारलं. आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा स्पष्ट होता.

"आणि ही तक्रार कुणाविरुद्ध?"

ताई अडखळली नाही. तिने त्याचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीत घालताना खिडकीतल्या कारकुनाला त्याचा हात धरून सांगितलं होतं, अगदी तसं.